लॉ कॉलेजातली समाजसेवा: वस्तीतलं विधी सेवा केंद्र नीट चालवायचं तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पश्चिम उपनगरातल्या एका कॅथॉलिक ट्रस्टच्या नव्या लॉ कॉलेजात तुम्ही शिकवायला लागला आहात. कायद्याचं शिक्षण आणि समाजसेवा बरोबरीने चालावी, अशी व्यवस्थापनाची इच्छा आहे. त्यासाठी अंतिम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने दर सेमिस्टरला ३० तास वस्तीत काम करायचं ठरलं आहे. चर्चच्या आवारातला हॉल शनिवारी दुपारी मिळणार आहे आणि आराखडा तुमच्यावर सोपवला आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: ३० तास पुरेसे आहेत का, मुलांकडून नेमकं काय करून घ्यायचं, आणि चर्चच्या हॉलमध्ये केंद्र म्हटल्यावर लोक बिचकतील का?

तासांचं आधी घेऊ. ३० हा आकडा वाईट नाही. पण तास मोजायला लागलं की सगळं काम तास भरण्यासाठी होऊ लागतं. मुलं वस्तीत जातात, पथनाट्य करतात, प्रश्नावली भरून घेतात, बॅनरसमोर फोटो काढतात, रजिस्टरवर सही घेतात. यात कुणाचीच फसवाफसवी नसते, मुलं मनापासून करतात. पण पथनाट्य संपल्यावर एखादी बाई पुढे येऊन आपली अडचण सांगते, विद्यार्थी ती वहीत लिहून घेतो आणि परीक्षेनंतर ती वही कुठे गेली हे कुणालाच ठाऊक नसतं. पुढच्या जुलैत नवी तुकडी त्याच दारात नवी प्रश्नावली घेऊन उभी राहते. वस्तीचा विश्वास असाच जातो. आणि विद्यार्थीही कायदा शिकत नाही, कारण कायदा खरा कळतो तो पाठपुराव्यात: अर्ज परत का आला, कुठला कागद कमी पडला, पुढची तारीख का पडली.

म्हणून माझं ठाम मत आहे की हिशेब फायलींचा ठेवा. एक फाइल म्हणजे एका माणसाची एक अडचण, ती आपल्याकडे आली त्या दिवसापासून तिचा निकाल लागेपर्यंत किंवा ती दुसऱ्या कुणाच्या हाती रीतसर सोपवेपर्यंत. तास त्यातून आपोआप निघतात.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. तुमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे की पाच वर्षांचा? मुंबईत तीन वर्षांच्या एलएलबीला बरीच मुलं नोकरी करून येतात. त्यांना सरकारी कचेऱ्या उघड्या असतात त्या वेळी, म्हणजे मंगळवारी सकाळी ११ वाजता, रेशनिंग ऑफिसला पाठवता येत नाही. पाच वर्षांच्या मुलांना पाठवता येतं, पण ती वयाने लहान असतात, घरगुती हिंसाचाराची हकिगत ऐकायला त्यांची जास्त तयारी करून घ्यावी लागते. दुसरं, तुमच्यासोबत वकिली करणारं कुणी आहे का? तिसरं, ट्रस्टला विदेशी देणग्या येतात का? या तिन्हींची उत्तरं बदलली तर आराखडाही बदलेल.

यातल्या दुसऱ्या मुद्द्याकडे, म्हणजे वकिली करणाऱ्या माणसाकडे, सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून तो नीट सांगतो. व्यवस्थापनाने अमेरिकेतल्या कॅथॉलिक लॉ स्कूलांची उदाहरणं नक्कीच पाहिली असतील. तिथे ही परंपरा मोठी आहे. नोट्र डेमचं लॉ स्कूल १८६९ पासूनचं आहे, लॉस एंजेलिसच्या लोयोला लॉ स्कूलमध्ये पदवीसाठी ४० तास विनामूल्य कायदेविषयक कामाची अट आहे, जॉर्जटाउनमध्ये १९६० पासून नव्या वकिलांना क्लिनिकमध्ये, म्हणजे कॉलेजच्या विधी सेवा केंद्रात, नेमून त्यांच्याकरवी विद्यार्थ्यांवर देखरेख ठेवण्याची पद्धत आहे. पण तिथल्या बहुतेक राज्यांत विद्यार्थ्यांना वकिलाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष कोर्टात उभं राहू देणारे नियम आहेत. आपल्याकडे ते नाहीत. १९६१ च्या वकील अधिनियमाच्या कलम ३३ प्रमाणे नोंदणीकृत वकिलालाच वकिली करता येते आणि कलम ४५ खाली अनधिकृत वकिलीला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. एखाद्या प्रकरणापुरती परवानगी देण्याचा अधिकार कलम ३२ ने कोर्टाला दिला आहे, पण त्यावर कुठलंही केंद्र उभं राहत नाही. वर तुम्ही स्वतः पूर्णवेळ पगारी शिक्षिका असाल तर बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियम ४९ मुळे तुम्हालाही वकिली करता येत नाही. म्हणजे हॉलमध्ये विद्यार्थी आहेत, शिक्षिका आहेत, पण कोर्टात उभं राहू शकेल असं कुणीच नाही. बहुतेक कॉलेजांची केंद्रं नेमकी इथे अडकतात आणि मग जनजागृतीवर समाधान मानतात.

यावर उपाय आहे. वकिलांनी कायदा शिकवण्याविषयीच्या १९७९ च्या नियमांनुसार वकिली करणाऱ्या वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. तेव्हा व्यवस्थापनाकडून एक अर्धवेळ वकील-शिक्षक मागून घ्या. दंडाधिकारी न्यायालय आणि कुटुंब न्यायालय रोज पाहणारा असावा. हायकोर्टात मोठं नाव असलेला शोधू नका. शनिवारी तीन तास तो हॉलमध्ये हवाच. त्याच्या असण्याचा आणखी एक फायदा आहे. वकील आणि पक्षकार यांच्यातल्या बोलण्याला २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं संरक्षण आहे आणि ते वकिलाच्या कारकुनांना, कर्मचाऱ्यांना आणि दुभाष्यांनाही लागू होतं. वकिलाच्या हाताखाली नसलेल्या विद्यार्थ्याला एखाद्या बाईने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीला ते संरक्षण नाही. म्हणून प्रत्येक विद्यार्थी त्या वकिलाच्या हाताखाली काम करतो असं लेखी नेमणूकपत्र द्या. वाद निघालाच तर निदान बाजू मांडायला आधार राहतो.

हे झालं की केंद्राची नोंद जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करा. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत प्रत्येक लॉ कॉलेजने ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली, अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांकरवी, विधी सेवा प्राधिकरणाच्या सहकार्याने असं केंद्र चालवावं असं म्हटलेलंच आहे. तुम्ही नवीन काही मागत नाही आहात. नोंदीमुळे पॅनेल वकील, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीवरचे वकील, मिळतात आणि ज्या प्रकरणात कोर्टात जावंच लागतं तिथे माणसाला फुकट वकील देता येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाचं कलम १२ मुलांकडून पाठ करून घ्या: स्त्रिया, बालकं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. तुमच्या हॉलमध्ये येणाऱ्यांत बायकाच जास्त असतील, म्हणजे बहुतेक जणी पात्रच असतील. आणि तरीही ‘तुमचं उत्पन्न किती, दाखला आणा’ म्हणून एखाद्या बाईला परत पाठवणारा विद्यार्थी दर वर्षी एक तरी निघतो.

आता ३० तासांचं गणित मांडू. वर्गात ६० मुलं, म्हणजे सेमिस्टरला १८०० तास. तुमचे शनिवार साधारण १५, प्रत्येकी तीन तास. एका वेळी आठ विद्यार्थी म्हणजे चार जोड्या. याहून जास्त मुलांवर एक वकील आणि एक शिक्षिका लक्ष ठेवू शकत नाहीत. १५ शनिवार गुणिले आठ म्हणजे १२० जागा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन शनिवार, सहा तास. उरलेले २४ तास हॉलच्या बाहेरचे आहेत आणि ते तसेच असायला हवेत. सहा तास पूर्वतयारी, दहा तास मसुदे आणि कचेऱ्यांच्या फेऱ्या, आठ तास फायलींची बैठक. दर शनिवारी प्रत्येक जोडीने एकच नवा माणूस घ्यायचा, म्हणजे सेमिस्टरला ६० फायली. ३० जोड्या, प्रत्येकीकडे दोन. सुरुवातीला लोकांची रांग लागते, तेव्हा हे प्रमाण मोडायचा मोह होतो. मोडू नका. बाकीच्यांना चिठ्ठीवर पुढच्या शनिवारची वेळ द्या. मुदत संपत आली असेल किंवा मारहाणीची भीती असेल तर मात्र वकिलाने स्वतः त्याच दिवशी बघावं.

या ६० फायली कुणीतरी वाचायला हव्यात. पंधरवड्यातून एकदा, फाइलमागे २० मिनिटं धरली तरी २० तास होतात, म्हणजे आठवड्याला दहा. हे दहा तास तुमच्या तासिकांतून वजा झाले पाहिजेत. व्यवस्थापनाशी बोलताना बाकी सगळ्यावर तडजोड करा, यावर करू नका. शिक्षिका दमली की फायली न वाचता सह्या होतात आणि वस्तीतल्या माणसाच्या कागदावर न तपासलेला सल्ला जातो.

गुणांचीही सोय आहे. बार कौन्सिलच्या चौकटीत ड्राफ्टिंगच्या पेपरला १५ प्लीडिंगचे (दावा, जबाब) आणि १५ कन्व्हेयन्सिंगचे (खरेदीखतासारखे दस्त) मसुदे प्रत्येकी तीन गुणांना आहेत, वर दहा गुणांची तोंडी परीक्षा. मूट कोर्टच्या, म्हणजे सरावाच्या खटल्यांच्या, पेपरमध्ये पक्षकाराच्या दोन मुलाखती पाहून डायरी लिहायला १५ गुण आहेत आणि दावा तयार करून दाखल करण्याची प्रक्रिया पाहून लिहायला आणखी १५. तुमच्या विद्यापीठाच्या चालू अभ्यासक्रमात हे कसं विभागलंय ते पाहा. पण केंद्रातला खरा अर्ज, नावगाव काढून, या मसुद्यांत धरला तर मुलांना सेवा हे अभ्यासावरचं जादा ओझं वाटत नाही. गाइडमधून उतरवलेल्या १५ मसुद्यांपेक्षा खऱ्या कागदावरून केलेले चार मसुदे मला जास्त मोलाचे वाटतात.

आता हॉलमध्ये काय घडायला हवं ते जवळून पाहू. समजा, एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्र-अपात्र झोपडीधारकांच्या यादीत, तिचं नाव ‘अपात्र’ आलंय. विद्यार्थ्याची पहिली चूक ठरलेली: तो लगेच विचारतो, ‘तुमच्याकडे २००० च्या आधीचा पुरावा आहे का?’ बाई घाबरते, ‘नाही’ म्हणते आणि फाइल तिथेच मरते. शिकवायचं ते असं. आधी पिशवीतला प्रत्येक कागद टेबलावर मांडायचा, तारखेच्या क्रमाने. वीजबिल, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), मतदार यादीचा उतारा, रेशनकार्ड, मुलांच्या शाळेचा दाखला. मग एका कोऱ्या कागदावर तीन रकाने: तारीख, कागद, त्यावरचं नाव आणि पत्ता जसाच्या तसा. इथेच गोम सापडते. एका कागदावर शांताबाई, दुसऱ्यावर शांता, तिसऱ्यावर शांतीबाई; एकावर घर नंबर, दुसऱ्यावर फक्त चाळीचं नाव. अनेकदा पुरावा असतो, पण कागदांतलं नाव जुळत नाही म्हणून माणूस अपात्र ठरतो. १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी असेल तर मोफत घर, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतची असेल तर पैसे भरून, हा फरक विद्यार्थ्याला ठाऊक हवा. पण त्याआधी कोणत्या वर्षाचा कागद गायब आहे हे त्याला दिसलं पाहिजे. शेवटी आदेशाची प्रत, आणि ती हातात कोणत्या दिवशी पडली ती तारीख. अपिलाची मुदत मोजायची तर ही तारीख लागते, आणि नेमकी तीच वहीत लिहिलेली नसते.

मूळ कागद ठेवून घ्यायचा नाही. कधीही नाही, एका रात्रीपुरताही नाही. झेरॉक्स केंद्राच्या खर्चाने काढायची आणि मूळ कागद तिच्यासमोर मोजून पिशवीत परत घालायचे. झेरॉक्सचे दहा रुपयेसुद्धा तिच्याकडून घेऊ नका; पैशाचा व्यवहार एकदा सुरू झाला की तो कुठवर जाईल हे सांगता येत नाही.

नंतर तिची हकिगत तिच्याच भाषेत लिहायची आणि तिला वाचून दाखवायची. इंग्रजी माध्यमाच्या मुलांची अडचण इथे उघडी पडते. वॉर्ड ऑफिसला, रेशनिंग ऑफिसला, पोलीस ठाण्याला अर्ज मराठीत द्यायचा असतो आणि बाईंचं बोलणं मराठी-हिंदी मिसळलेलं असतं. म्हणून प्रत्येक जोडीत एक जण मराठी नीट लिहिणारा ठेवा. मराठी माध्यमातून आलेली मुलं वर्गात मागे बसतात, इथे तीच पुढे येतात. त्याची नोंद गुणांत व्हायला हवी.

घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात पहिला प्रश्न कायद्याचा नसतो. ‘हा नंबर कुणाच्या हातात असतो? कोणत्या वेळी फोन केला तर चालेल?’ हे आधी विचारायचं आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहायचं. संध्याकाळी सातला विद्यार्थ्याने भाबडेपणाने केलेला एक फोन त्या बाईला मार खायला लावू शकतो. हॉलमध्ये पडदा किंवा वेगळी खोली हवी. शेजारीण रांगेत बसलेली असताना कुणी खरं बोलत नाही. २००५ च्या कायद्यात पहिली तारीख सर्वसाधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत, असं लिहिलंय. विद्यार्थी ते वाचून तसं सांगून मोकळा होतो. प्रत्यक्षात खूप जास्त वेळ लागतो, म्हणून दिवसांचा शब्द कुणीही द्यायचा नाही, असा नियमच ठेवा.

आणखी एक सूचना पहिल्याच दिवशी द्या. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. तिथे ‘मी कुणाला सांगणार नाही’ हे वचन विद्यार्थ्याला देताच येत नाही. त्याने ताबडतोब वकिलाला बोलवायचं, एकट्याने निर्णय घ्यायचा नाही. पोलीस ठाण्यातही कुणी विद्यार्थी एकटा जाणार नाही.

खालच्या वर्गांतल्या मुलांनाही काही द्यायचं असेल तर माहितीचा अधिकार हे उत्तम साधन आहे, कारण तो अर्ज कोणताही नागरिक करू शकतो, वकिलीचा प्रश्न येत नाही. महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पहिलं अपील, पुढच्या ३० दिवसांत, २० रुपयांच्या स्टँपसह. वस्तीतल्या माणसाच्या नावाने, त्याच्या सहीने अर्ज लिहायचा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. शिक्का आणि तारीख असलेली ती पोच फाइलला लागली की मुलांना कळतं, कचेरीत कागद कसा जिवंत राहतो. १५० शब्दांत नेमका प्रश्न विचारायला शिकणं हे ड्राफ्टिंगचं पहिलं शिक्षण आहे.

इथवर आलात तर चौकट उभी राहिली: एक वकील-शिक्षक, प्राधिकरणाकडे नोंद, शनिवारी चार जोड्या, जोडीमागे दोन फायली, आणि फायली वाचायला तुमचे आठवड्याचे दहा तास.

फायलींच्या बैठकीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ‘कॅथॉलिक’ हे विशेषण इथे खऱ्या अर्थाने कामाला येतं. जेझुइटांच्या, म्हणजे शिक्षणकार्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या एका कॅथॉलिक धर्मसंघाच्या, शिक्षणपद्धतीत, १९९३ च्या त्यांच्या दस्तऐवजात मांडल्याप्रमाणे, संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती आणि मूल्यमापन हा क्रम आहे. त्याआधी १९७३ मध्ये जेझुइटांचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी वालेन्सियाच्या भाषणात, इतरांसाठी जगणारी माणसं घडवणं हा आपल्या शाळांचा हेतू असला पाहिजे, असं सांगितलं होतं. तुमचा ट्रस्ट जेझुइटांचा नसला तरी व्यवस्थापनातल्या फादर-सिस्टरांना ही भाषा परिचयाची असेल. त्यांना सांगा की चिंतनाला वेळापत्रकात तास लागतो. सेमिस्टरला दोन-दोन तासांच्या चार बैठका, ते आठ तास हेच. प्रत्येक जोडीने एक फाइल मांडायची आणि तीन प्रश्नांना उत्तरं द्यायची: काय घडलं, कायदा कुठे अपुरा पडला, पुढची पायरी कुणी आणि कधी उचलायची. ‘मला गरिबी पाहून वाईट वाटलं’ यावर थांबू देऊ नका. वाईट वाटणं खरं असतं, त्याचा आदर करा, आणि लगेच विचारा की या बाईचा अर्ज तीनदा का परत आला. त्या उत्तरातून मुलांना न्यायव्यवस्था दिसते.

शक्य असेल तर समाजकार्याच्या कॉलेजाशी जोडून घ्या. मुंबईत निर्मला निकेतन हे १९५५ पासूनचं, ख्रिस्ती धर्मभगिनींनी सुरू केलेलं समाजकार्य महाविद्यालय आहे, टीआयएसएस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आहे. तिथल्या विद्यार्थ्यांचं क्षेत्रकार्य अभ्यासक्रमाचाच भाग असतं. घरी जाऊन बोलणं, समुपदेशन, निवाऱ्याची सोय ही कामं ती मुलं लॉच्या मुलांपेक्षा नीट करतात. पैशाचं मात्र आधी बघा: ट्रस्टचा पैसा विदेशी देणगीचा असेल तर २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. भागीदार संस्थेला मानधन देण्याचं तोंडी कबूल करून बसू नका.

आता बिचकण्याचा प्रश्न. हो, काही जण बिचकतील आणि त्यांची शंका अपमान समजू नका. उपाय साधे आहेत, पण काटेकोर पाळायला हवेत. शनिवारी त्या खोलीत प्रार्थनेची पत्रकं, वर्गणीची पेटी, चर्चच्या कार्यक्रमांचे फलक नकोत. नोंदणीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना नको. प्रकरणाला गरज असेल, म्हणजे विवाह किंवा वारसा असेल, तरच विचारायचं आणि का विचारतोय ते सांगायचं. दाराबाहेरची पाटी मराठीत, हिंदीत आणि लागेल तिथे उर्दूत. मजकूर एवढाच की इथे मोफत विधी सेवा मिळते, विधी सेवा प्राधिकरणाचा हेल्पलाइन क्रमांक १५१०० आणि वेळ. पाटीवर वकिलाचं नाव नको, बार कौन्सिलचे नियम जाहिरात करू देत नाहीत. महिन्यातून एक शनिवार हॉलऐवजी पालिकेच्या शाळेत किंवा समाजमंदिरात बसता आलं तर शंका लवकर विरते.

उलट बाजूने, चर्चमध्ये येणारी कुटुंबंही आपले प्रश्न घेऊन येतील आणि त्यांतला एक गैरसमज वारंवार भेटतो: चर्चच्या न्यायाधिकरणाने विवाह रद्द ठरवला म्हणजे आपण मोकळे झालो. तसं नाही. कायद्याच्या नजरेत तो विवाह १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली कोर्टाने हुकूमनामा दिल्याशिवाय संपत नाही. १९९६ च्या मॉली जोसेफ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. चर्चचा कागद घेऊन दुसरं लग्न केलेल्या माणसावर द्विभार्याविवाहाचा आरोप येऊ शकतो. हे सांगताना कुणाच्या श्रद्धेला धक्का न लावता सांगता आलं पाहिजे, आणि ते मुलांना शिकवावं लागतं.

सगळ्यात अवघड प्रसंग हितसंबंधांचा असतो. या शनिवारी बायको आली, पुढच्या शनिवारी नवरा. म्हणून नावांचं एक रजिस्टर ठेवा, दोन्ही बाजूंची नावं त्यात लिहा, आणि नवा माणूस घेण्याआधी ते तपासा. त्याहून अवघड म्हणजे जमिनीचा वाद चर्चच्याच किंवा ट्रस्टच्या मालमत्तेवरचा निघणं. मुंबईत चर्चच्या जमिनींवर भाडेकरूही आहेत आणि झोपड्याही आहेत, त्यामुळे हे घडेल असंच धरून चाला. अशा माणसाला सल्ला द्यायचा नाही आणि हाकलायचंही नाही. त्याला सरळ सांगायचं की हा वाद आमच्या संस्थेशी आहे, आम्ही तुमची बाजू घेऊ शकत नाही, आणि त्याच दिवशी विधी सेवा प्राधिकरणाच्या नावाने पत्र द्यायचं. हा नियम व्यवस्थापनाकडून केंद्र उघडण्याआधी लिहून घ्या, ट्रस्टींच्या सहीने. वाद उभा राहिल्यावर तो लिहून मिळणं कठीण असतं.

शेवटी वर्षाचा सांधा. परीक्षा साधारण नोव्हेंबरच्या आणि मेच्या सुमारास येतात आणि फायली तेव्हाच पडतात. परीक्षेच्या तीन आठवडे आधी नवी माणसं घेणं थांबवा. प्रत्येक जोडीने चालू फाइलचं एक पानी टिपण करायचं: आतापर्यंत काय झालं, पुढची तारीख कोणती, कोणता कागद यायचा आहे, फोन कधी करायचा. ते टिपण पुढच्या जोडीला समोरासमोर द्यायचं, आणि शक्य असेल तेव्हा त्या माणसाच्या हजेरीत. वस्तीतल्या लोकांकडे विद्यार्थ्याचा स्वतःचा नंबर नको. केंद्राचं वेगळं सिम घ्या, ते कॉलेजच्या नावावर असू द्या. मेच्या सुट्टीत हॉल बंद राहिला तरी तो फोन चालू हवा. तो कुणाकडे असेल, त्या दोन विद्यार्थ्यांची आणि एका वकिलाची नावं मार्चमध्येच ठरवा आणि दाराबाहेरच्या पाटीखाली तो नंबर ठळक लिहून ठेवा.